पैसे कटतात, लाईक येतात, गिऱ्हाईक येत नाही: दुकानाची जाहिरात तपासायची कुठून?

उदगीर असो, सेलू असो की वैजापूर, तक्रार जवळपास शब्दशः सारखी असते. "पंधरा दिवसांत पाच हजार गेले. रीच चाळीस हजार दाखवतंय, लाईक सहाशेच्या वर. दुकानात मात्र जाहिरात बघून एक माणूस आला नाही." मग बूस्ट, म्हणजे पैसे देऊन पोस्ट जास्त लोकांना दाखवणं, बंद होतं. महिना-दोन महिने जातात, सण तोंडावर येतो, शेजारच्या दुकानाची जाहिरात मोबाईलवर दिसते आणि पुन्हा बूस्टचं बटण दाबलं जातं. निकाल पुन्हा तोच. लातूर-नांदेड पट्ट्यातल्या लहान दुकानांच्या फेसबुक-इन्स्टाग्राम जाहिराती बघणं हे माझं रोजचं काम आहे. कापड दुकान, मोबाईल शॉपी, फर्निचर, कोचिंग क्लास, सगळीकडे हे दुखणं एकाच वळणाचं आहे. त्याची तपासणी मी ज्या क्रमाने करतो तो क्रम इथे देतो.

क्रम सांगायचं कारण असं की बहुतेक जण दुरुस्ती पोस्टरपासून सुरू करतात. फोटो बदल, गाणं बदल, डिझायनर बदल. माझ्या पाहण्यात गिऱ्हाईक तुटतं ती जागा बहुतेकदा दुकानातल्याच मोबाईलमध्ये सापडते. म्हणून गल्ल्यापासून सुरुवात करा आणि तिथून मागे मागे जाहिरातीकडे जा. पुढचं टोक गळत असेल तर मागच्या टोकाला कितीही ओतून उपयोग नाही.

आधी दुकानाचा मोबाईल उघडा

जाहिरातीला जोडलेला व्हॉट्सॲप नंबर ज्या फोनमध्ये आहे तो फोन हातात घ्या आणि गेल्या आठवड्यातल्या चॅट वरून खाली वाचत जा. नुसते नंबर पाहू नका, चॅट उघडून वाचा. साधारण असं दिसतं:

रात्री ९:४७, गिऱ्हाईक: "नमस्कार! मला याबद्दल अधिक माहिती हवी आहे."
दुसऱ्या दिवशी सकाळी ११:२०, दुकान: "बोला"
त्यानंतर काहीच नाही.

या तीन ओळींत पाच हजारांचा हिशेब आहे. पहिला मेसेज गिऱ्हाईकाने लिहिलेला नसतो. जाहिरातीवरचं बटण दाबलं की तो वाक्यासकट तयार येतो, माणूस फक्त पाठवतो. म्हणजे त्याला नक्की काय हवंय हे त्याने अजून सांगितलेलंच नाही, आणि तुम्ही "बोला" म्हणून चेंडू परत त्याच्याकडे टोलवला. शिवाय मधे साडेतेरा तास गेले. आपल्याकडे लोक मोबाईल निवांत बघतात ते रात्रीची जेवणं झाल्यावर. दुकान तेव्हा बंद झालेलं असतं. सकाळी तुम्ही उत्तर देता तेव्हा तो माणूस शेतात, ऑफिसात किंवा एसटीत असतो आणि रात्री कुठली साडी पाहिली होती हे त्याच्या डोक्यातून गेलेलं असतं.

यावरचा उपाय फुकट आहे. साधं व्हॉट्सॲप वापरत असाल तर व्हॉट्सॲप बिझनेस ॲप घ्या. त्यात ग्रीटिंग मेसेज आणि दुकान बंद असतानाचा अवे मेसेज लावता येतो. तो मेसेज "धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क करू" असा ठेवला तर नसल्यासारखाच. त्यातच भाव, पत्ता, वेळ आणि एक सोपा प्रश्न टाका. उदाहरणार्थ:

"नमस्कार. जाहिरातीतली सेमी पैठणी ₹१,४५० पासून आहे. लग्नाचा बस्ता असेल तर वेगळा दर. दुकान गंजगोलाईत आहे, सकाळी १० ते रात्री ९, गुरुवारी बंद. तुम्हाला एखादी साडी हवी की बस्ता? १ किंवा २ लिहून पाठवा, फोटो पाठवतो."

असा मेसेज गेला की निम्मे लोक "१" किंवा "२" तरी टाकतात. सकाळी उत्तर देणाऱ्याला सूत्र सापडतं. त्या ॲपमध्ये लेबलही आहेत: 'भाव विचारला', 'येतो म्हणाले', 'घेऊन गेले' एवढी तीन लेबलं लावलीत तरी महिन्याच्या शेवटी कुठे माणसं थांबतात ते डोळ्यांनी दिसेल.

आता फोन कोण उचलतं ते बघा. स्वतः दुसऱ्या नंबरवरून दुकानात फोन लावा आणि जाहिरातीतली ऑफर विचारा. काउंटरवरचा मुलगा "अशी काही ऑफर नाही आपल्याकडं" म्हणाला तर तपासणी इथेच थांबवा आणि आधी हे नीट करा. जाहिरात मालकाच्या मोबाईलवरून लागते, पोस्टर पुतण्या करतो, गिऱ्हाईक मात्र भेटतं त्या मुलाला, आणि त्याला कुणी काही सांगितलेलंच नसतं. चालू जाहिरातीचा प्रिंट काढून काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवा. साधी गोष्ट आहे, पण फार थोड्या दुकानांत दिसते.

कमेंटचंही तसंच. पोस्टखाली वीस जणांनी "किंमत?" विचारलेलं असतं आणि दुकानाने वीस वेळा "इनबॉक्स करा" लिहिलेलं असतं. भाव उघड लिहिला की शेजारचा दुकानदार पाहील ही भीती मी समजू शकतो. पण त्याला भाव काढायचाच असेल तर तो एका माणसाला दुकानात पाठवून काढतोच. भाव न दिसल्याने पळतो तो गिऱ्हाईक, विशेषतः खेड्यातून येणारा. तीस किलोमीटर गाडीभाडं घालून यायचं आणि दुकानात गेल्यावर आवाक्याबाहेरचा भाव ऐकून सगळ्यांदेखत परत फिरायचं, हे कुणालाच नको असतं. कमेंटखाली उघड भाव लिहा. तेच उत्तर पुढचे शंभर लोक वाचतात.

पत्त्याबद्दल एकच सांगतो. गूगल मॅपवर दुकानाची पिन बरोबर दारावर आहे का ते स्वतः गाडीवर बसून, रस्ता लावून बघा. गंजगोलाईला सोळा रस्ते मिळतात. नुसतं 'गंजगोलाई, लातूर' लिहिलं तर बाहेरगावचा माणूस गोल फिरत राहतो.

नकाशावरचं वर्तुळ

मोबाईल, फोन, कमेंट नीट असूनही मेसेजच येत नसतील, किंवा येणारे मेसेज भलत्याच गावचे असतील, तर दुसरी जागा म्हणजे लोकेशन.

सगळ्यात आधी छत्रपती संभाजीनगरकरांनी एक गोष्ट बघावी. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, पण नकाशाच्या यादीत जुनी-नवी नावं वेगवेगळ्या स्पेलिंगने सापडतात. औरंगाबाद टाइप केलं की यादीत एक औरंगाबाद बिहारचंही येतं. तो तिकडचा जिल्हा आहे. घाईत बोट तिथे पडलं की गुलमंडीतल्या दुकानाची जाहिरात बिहारमध्ये फिरत राहते, आणि आकडे चांगले दिसतात म्हणून शंका येत नाही. तुमच्या मेसेजमध्ये हिंदीतून "डिलीवरी कहाँ तक है?" असे प्रश्न अचानक वाढले असतील तर आधी हे तपासा. खात्री करायची सोपी रीत: नाव टाइप करण्याऐवजी नकाशा मोठा करून आपल्या दुकानावर पिन टाका. पिन टाकली की नावाचा घोळच उरत नाही.

दुसरा घोळ वर्तुळाच्या आकाराचा. शहराचं नाव निवडलं की भोवती बऱ्याचदा मोठं वर्तुळ आपोआप पडतं आणि ते कुणी बदलत नाही. ४० किलोमीटरचं वर्तुळ म्हणजे सुमारे ५,००० चौरस किलोमीटर. लातूर जिल्ह्याचं क्षेत्रफळ ७,१५७ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे दोनशे रुपये रोजात तुम्ही जवळपास पाऊण जिल्ह्याएवढी जमीन भिजवायला निघालात. १० किलोमीटरचं वर्तुळ जेमतेम ३१४ चौरस किलोमीटर होतं, सोळापट लहान. पैसा तोच, पण तोच माणूस तुमचं दुकान आठवड्यात तीन-चारदा बघतो आणि नाव लक्षात राहतं. पिन टाकली तर वर्तुळ अगदी १ किलोमीटरपर्यंत लहान करता येतं.

वर्तुळ किती ठेवायचं हे तुमचं गिऱ्हाईक किती लांबून येतं त्यावर ठरवा. केक, सलून, जिम, चष्मे यांना चार-पाच किलोमीटर पुष्कळ. बस्ता, सोनं, फर्निचर, ट्रॅक्टरचे सुटे भाग यांना तालुका पुरत नाही, कारण या कामांसाठी लोक जिल्ह्याच्या गावी येतातच. लातूरच्या बस्त्याच्या दुकानाला औसा, रेणापूर, मुरूड हवेतच. मोठं वर्तुळ टाकण्यापेक्षा या गावांवर लहान लहान पिना टाका, मधली ओसाड रानं टळतात. नांदेड, देगलूर, बिलोली, धर्माबादवाल्यांनी वर्तुळ मोठं केलं की ते तेलंगणात शिरतं. तिकडचं गिऱ्हाईक येत असेल तर उत्तम, पण मग त्याच्यासाठी जाहिरातही वेगळी हवी. येत नसेल तर तो भाग वगळायचा पर्याय तिथेच दिलेला आहे.

लातूरच्या कोचिंग क्लासचं गणित मात्र पूर्ण उलटं आहे. त्यांचं गिऱ्हाईक लातुरात राहतच नाही. अकरावी-बारावी, नीट-जेईईसाठी लेकरू लातूरला ठेवायचं का, हा निर्णय कंधार, अहमदपूर, गंगाखेड, परळी, कळमनुरीच्या घरांत होतो. पिन तिथे पडायला हवी, तीही दहावीच्या निकालाच्या आधीच. लातूरवर वर्तुळ टाकून आधीच लातुरात शिकणाऱ्या मुलांना जाहिरात दाखवण्यात अर्थ नाही.

आणखी एक. जाहिरात त्या भागात राहणाऱ्यांना तर दिसतेच, शिवाय तिथे नुकत्याच येऊन गेलेल्यांनाही दिसते. पूर्वी फक्त राहणारे निवडता यायचे, आता तो पर्याय उरलेला नाही. म्हणून दिवाळी, महालक्ष्म्या किंवा गावच्या जत्रेनंतर काही दिवस पुण्याला परतलेल्या मंडळींचे मेसेज आले तर गोंधळून जाऊ नका. त्यांना कुरिअरने माल देता येत असेल तर तेही गिऱ्हाईकच आहे.

बूस्ट बटणाने नक्की काय मागितलं?

आता जाहिरातीकडे. फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा, तिची यंत्रणा तुम्ही जे मागाल तेच शोधून देते, आणि ते फार नेमाने देते. एंगेजमेंट मागितलं की तुमच्या वर्तुळातली लाईक करायची सवय असलेली माणसं शोधते. व्हिडिओ व्ह्यूज मागितले की व्हिडिओ बघत बसणारी माणसं. रीच मागितला की कमी पैशात जास्तीत जास्त डोळे. सहाशे लाईक आले याचा अर्थ यंत्रणा चुकली नाही, तुमची मागणी तिने पूर्ण केली. लाईक करणारा आणि दुकानात येणारा हे बहुधा दोन वेगळे लोक असतात.

बूस्टच्या पडद्यावरही 'मेसेज', 'कॉल' असे उद्देश निवडता येतात, पण बहुतेक जण जे आपोआप आलं तेच ठेवून पुढे जातात. माझं स्पष्ट मत: महिन्याला दोन हजारांपेक्षा जास्त लावणार असाल तर बूस्ट सोडा आणि ॲड्स मॅनेजर, म्हणजे मेटाचं जाहिराती लावायचं पूर्ण साधन, शिका. तो संगणकावर उघडला की पहिला दिवस डोकं भणभणतं, पण आठवड्यात हात बसतो. तिथे एकूण सहाच उद्देश आहेत: अवेअरनेस, ट्रॅफिक, एंगेजमेंट, लीड्स, ॲप प्रमोशन आणि सेल्स. ज्याचं दुकान गावात आहे आणि वेबसाइट नाही, त्याने व्हॉट्सॲपवर मेसेज आणणारी जाहिरात लावावी. ती एंगेजमेंटमध्ये सापडते, पण आत मेसेजिंग ॲप निवडून निकाल म्हणून 'सुरू झालेली संभाषणं' घ्यायची. इथे लाईक निवडून राहिलं तर पुन्हा जैसे थे.

ट्रॅफिक हा उद्देश वेबसाइट नसणाऱ्याने घेऊच नये. असेल तरी 'लिंक क्लिक' न घेता 'लँडिंग पेज व्ह्यू' घ्या, म्हणजे पान उघडेपर्यंत थांबलेला माणूसच मोजला जातो. बाहेरच्या ॲप आणि गेममध्ये दिसणाऱ्या जाहिरातींवर लेकरांची बोटं चुकून पडतात, ते क्लिक स्वस्त दिसतात आणि काहीच देत नाहीत. प्लेसमेंटमध्ये, म्हणजे जाहिरात कुठे कुठे दिसेल त्या यादीत, यांचं नाव ऑडियन्स नेटवर्क असं असतं. ते दिसलं तर काढून टाका.

लीड फॉर्म, म्हणजे जाहिरातीतच नाव-नंबर भरून घेणारा फॉर्म, क्लासवाल्यांच्या आणि प्लॉट विकणाऱ्यांच्या आवडीचा आहे. तक्रार अशी की "शंभर लीड आल्या, ऐंशी जण म्हणतात आम्ही फॉर्म भरलाच नाही." ते खोटं बोलत नसतात. फॉर्ममध्ये नाव आणि नंबर प्रोफाइलवरून आपोआप भरले जातात, दोनदा बोट टेकलं की फॉर्म गेला. नंबरही कधी काळचा जुना असतो. फॉर्म बनवताना जास्त संख्येचा प्रकार सोडून जास्त इच्छुकांचा प्रकार निवडा. त्यात पाठवण्याआधी माहिती एकदा तपासायला लावतात. आणि एक प्रश्न असा ठेवा ज्याचं उत्तर हाताने लिहावं लागेल: "मुलगा/मुलगी सध्या कोणत्या शाळेत आहे?" लीड कमी होतील, फोन उचलणारी माणसं वाढतील. या लीड ९० दिवसांनंतर मेटावरून उतरवून घेता येत नाहीत, तेव्हा रोजच्या रोज वहीत किंवा शीटमध्ये उतरवा.

हात सारखा सारखा लावू नका

जाहिरात सुरू झाल्यावर यंत्रणा काही दिवस चाचपडते. कुणाला दाखवली की मेसेज येतो हे ती शिकत असते. त्यासाठी तिला साधारण आठवड्यात पन्नास निकाल लागतात. समजा तुम्हाला एक संभाषण ₹३० ला पडतंय. पन्नास संभाषणं म्हणजे ₹१,५००, रोजचे साधारण ₹२१५. आता कुणी रोजच्या एकूण ₹३०० च्या चार जाहिरात-संचांत (ॲड सेट) वाटण्या केल्या, एक महिलांसाठी, एक तरुणांसाठी, एक बीडसाठी, एक माजलगावसाठी, तर प्रत्येकाच्या वाट्याला ₹७५ येतात. एकही संच शिकून बाहेर पडत नाही. बजेट थोडं असेल तर एकच संच ठेवा, त्यात दोन-तीन वेगवेगळे फोटो-व्हिडिओ टाका आणि यंत्रणेला निवडू द्या. आवडीनिवडीची बारीक चाळणीही लावू नका. दहा किलोमीटरच्या वर्तुळात आधीच माणसं मोजकी आहेत, त्यात 'शॉपिंगची आवड' वगैरे लावलं की कुणी उरत नाही.

दुसऱ्या दिवशी मेसेज कमी आले म्हणून फोटो बदलला, तिसऱ्या दिवशी वय बदललं, चौथ्या दिवशी बजेट दुप्पट केलं, असं केलं की प्रत्येक मोठ्या बदलाला शिकणं पुन्हा शून्यापासून सुरू होतं. सात दिवस हात लावायचा नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. मालकाच्या भावाकडे पण पासवर्ड असतो.

नामंजूर झाली, अडकली, पैसे कटूनही बंद

दुकानाच्या उद्घाटनाची जाहिरात नामंजूर होते त्याचं एक आपलं खास कारण आहे. पोस्टरवर आमदार, खासदार, जिल्हाध्यक्ष यांचे फोटो असतात. राजकारण आणि निवडणुकीच्या जाहिरातींसाठी मेटा आधी ओळखपडताळणी मागते आणि जाहिरातीवर कुणी पैसे दिले हे छापायला लावते. नेत्याचा फोटो दिसला की यंत्रणा साड्यांच्या दुकानालाही त्याच रांगेत उभं करते. ज्यांना मान द्यायचा त्यांचे फोटो चौकातल्या फ्लेक्सवर ठेवा, पैसे देऊन चालवायच्या जाहिरातीत फक्त माल आणि दुकान दाखवा. शिवाय बारा चेहऱ्यांचा फ्लेक्स मोबाईलच्या पडद्यावर वाचताही येत नाही.

रील बूस्टच होत नसेल तर त्यातलं सिनेमाचं गाणं बघा. हक्क असलेलं गाणं रीलला चालून जातं, पैसे लावायला गेलं की अडतं. मेटाच्या स्वतःच्या साउंड कलेक्शनमधलं संगीत घ्या, किंवा त्याहून चांगलं म्हणजे मालकाने स्वतः बोलावं. "हे बघा, हा पदर, हा काठ, हा भाव," असं आपल्या बोलीत बोललेला तीस सेकंदांचा व्हिडिओ छापील पोस्टरपेक्षा चांगला चालताना मी वारंवार पाहिला आहे. मोबाईल उभा धरा, अक्षरं अगदी तळाला टाकू नका, तिथे इन्स्टाग्रामची स्वतःची अक्षरं येतात.

दवाखाने, आयुर्वेदिक औषधं, जिमवाल्यांनी "तुम्हाला शुगर आहे का?" अशी वाक्यं टाळावीत. बघणाऱ्याला एखादा आजार आहे असं सुचवणारी भाषा चालत नाही, वजन कमी झाल्याचे आधी-नंतरचे फोटोही चालत नाहीत. नामंजूर झालं आणि तुमचं बरोबर आहे असं वाटलं तर रिव्ह्यू मागा. बंदी चुकवायला नवीन खातं काढू नका, त्याने पेजही जातं.

पैशांच्या बाजूला दोन गोष्टी बघा. डेबिट-क्रेडिट कार्डावरून आपोआप कटणारे पैसे मधेच अडतात, कारण ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे अशा आवर्ती कपातीचे नियम कडक झाले आहेत. सोपा मार्ग म्हणजे यूपीआयने आधी पैसे भरून ठेवणं. दुसरं, १८ टक्के जीएसटी वेगळा धरा. ₹१,००० ची जाहिरात तुम्हाला ₹१,१८० ला पडते. जीएसटी नंबर असेल तर तो बिलिंगच्या सेटिंगमध्ये भरा, म्हणजे कंपोझिशन योजनेत नसाल तर तो कर तुम्हाला भरायच्या जीएसटीतून वजा करता येतो. हे न करणारी अशी दुकानं वर्षाचे चांगले पैसे सोडून देतात.

अडकण्याचा सगळ्यात वाईट प्रकार वेगळाच आहे. जाहिरात लावणाऱ्या पोराने पेज स्वतःच्या नावावर काढलेलं असतं, जाहिरात-खातं त्याचंच असतं, आणि तो पुण्याला नोकरीला जातो. चार वर्षांचं पेज, फॉलोअर, जुने मेसेज सगळं त्याच्याबरोबर जातं. पेज आणि जाहिरात-खातं दोन्ही मालकाच्या नावावर हवं, एजन्सीला फक्त काम करण्यापुरता प्रवेश द्यायचा. आजच बघा. आणि "तुमचं पेज २४ तासांत बंद होणार, इथे क्लिक करा" असा मेसेज मेटाच्या नावाने इनबॉक्समध्ये आला तर ती लिंक उघडू नका, तो पासवर्ड चोरायचा फास असतो. टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डबरोबर कोडही मागणारी सोय, चालू करून ठेवा.

वेळ चुकली तर सगळं बरोबर असूनही रिकामं

मराठवाड्यात पैसा बारा महिने सारखा फिरत नाही. सोयाबीन ऑक्टोबरमध्ये निघतं, बाजारात जातं, मग दिवाळीची खरेदी होते. तूर जानेवारी-फेब्रुवारीत येते. बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी, केज भागात ऊसतोड मजुरांच्या हातात उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, पडते ती गाडी साखर कारखान्याला निघायच्या आधी. दिवाळीनंतर तांडेच्या तांडे, वाड्याच्या वाड्या ओस पडतात आणि माणसं परत येतात ती मार्च-एप्रिलकडे. या तालुक्यांत डिसेंबरात टीव्ही-फ्रिजची जाहिरात लावून "प्रतिसाद नाही" म्हणणं जाहिरातीवर अन्याय आहे. तीच जाहिरात गडी परतल्यावर, लग्नसराईच्या तोंडावर लावा.

२०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, ऐन उन्हाळ्याच्या लग्नसराईत. त्या महिन्यात बस्त्याच्या जाहिरातीला पैसे घालू नका. पण तोच धोंड्याचा महिना. जावयाला बोलावणं, कपडे, चांदीची वस्तू, अनारसे, सगळी खरेदी त्याच महिन्यात होते. मिठाईवाले, सराफ आणि पुरुषांच्या कपड्यांची दुकानं यांना तो महिना बोनस आहे. गंमत म्हणजे फार थोडे जण त्याची वेगळी जाहिरात करतात.

आठवडी बाजाराच्या आदल्या दोन दिवशी बजेट जास्त ठेवायचं असेल तर सारखं हाताने कमी-जास्त करू नका. लाइफटाइम बजेट, म्हणजे रोजच्याऐवजी पूर्ण मुदतीची एकच रक्कम, लावलं की दिवस आणि तास आधीच ठरवून देता येतात.

शेजारी काय करतो ते बघायचं असेल तर मेटाची ॲड लायब्ररी सगळ्यांना खुली आहे. पेजचं नाव टाका, त्याच्या चालू जाहिराती आणि त्या कधीपासून चालू आहेत ते दिसतं. महिनोन्महिने चालू असलेली जाहिरात बहुधा पैसे कमावून देत असते. ती नीट बघा.

गल्ल्यावरचा हिशेब

शेवटी आकडेमोड, कारण लाईक-रीच कितीही आले तरी फैसला इथेच होतो. समजा महिन्यात ₹३,००० लावले. जीएसटीसह ₹३,५४०. शंभर जणांनी मेसेज केला, वीस जण दुकानात आले, आठ जणांनी घेतलं. एका साडीमागे तुम्हाला ₹४०० सुटतात, म्हणजे आठांचे ₹३,२००. मेसेज ₹३० ला पडला म्हणून सगळे खूश, आणि प्रत्यक्षात ₹३४० चा तोटा. पण याच आठांतल्या दोघांनी बस्ता बांधला असता तर चित्र पालटलं असतं. म्हणून जाहिरातीसाठी माल निवडताना जास्त सुटणारा किंवा पुन्हा पुन्हा गिऱ्हाईक आणणारा माल निवडा. सगळ्यात जास्त लाईक मिळणारा माल बहुतेकदा तो नसतो.

हा हिशेब लागण्यासाठी दुकानात आलेला माणूस जाहिरातीवरून आला की नाही हे कळायला हवं. गल्ल्याजवळ एक वही ठेवा आणि बिल करताना एकच प्रश्न विचारा, "दुकान कुठून कळलं?" जमलं तर जाहिरातीपुरतं वेगळं सिम घ्या, म्हणजे त्या नंबरवर आलेला प्रत्येक फोन जाहिरातीचाच. नंतर बघू म्हणून ठेवलेली वही महिनाभर कोरी राहते, पहिल्या दिवसापासून लिहा.

आणि वर सांगितलेलं सगळं दोन महिने नेमाने करूनही एका गिऱ्हाईकामागचा खर्च त्याच्याकडून सुटणाऱ्या पैशांपेक्षा जास्तच राहिला, तर त्या मालाची जाहिरात बंद करा. काही धंद्यांना ही वाट परवडतच नाही. गल्लीतलं किराणा दुकान, पिठाची गिरणी, दूध, झेरॉक्स यांचं गिऱ्हाईक पाचशे मीटरच्या आतलं आणि आधीच ओळखीचं असतं. त्यांनी गूगलवर दुकानाची नोंद करावी, वेळ आणि फोन नंबर बरोबर ठेवावा, ओळखीच्या गिऱ्हाईकांची व्हॉट्सॲप ब्रॉडकास्ट यादी करून आठवड्यातून एकदा नवीन आलेल्या मालाचा भाव टाकावा. ब्रॉडकास्ट फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय, तेव्हा बिल देताना तेवढं करून घ्या.